ड्रोन उडवा, पण चित्रणाचा हिशेब द्या

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात गर्दी कुठे तुंबते आहे, हे खाली उभ्या पोलिसाला कळत नाही, ड्रोनला कळते. चेंगराचेंगरी टाळायला पोलिसांनी तो जरूर वापरावा. मी स्वतः वारीला जातो, त्यामुळे हे मनापासून सांगतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधूनच शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी टाकली आणि शेतकऱ्यांनी ते ड्रोन अडवायला पतंग उडवले, हेही विसरता येत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ मध्ये दिला. २०२१ ची ड्रोन नियमावली मात्र मुख्यतः नोंदणी, परवाना आणि हवाई क्षेत्र यांपुरतीच आहे. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई बंदोबस्ताच्या चित्रणात आली, तर ते किती दिवस आणि कोणाकडे राहणार? ड्रोन कोणाच्या आदेशाने उडाला आणि चित्रण कधी पुसले, याची नोंद ठेवण्याचे लेखी नियम राज्याच्या गृह विभागाने मराठीत जाहीर करावेत. मोर्चावर ड्रोन फिरवला असेल, तर ही नोंद माहिती अधिकारात मागणाऱ्याला मिळायलाच हवी.

– एक वारकरी, सासवड