कॅमेरावाल्या सैनिकांची उजळणी वाया जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन लष्करातल्या रेडिओ-टीव्ही पत्रकारांना परदेशी ड्युटीवर पाठवायच्या आधी पुन्हा ट्रेनिंग देतात, असा छोटा मजकूर आपल्या पेपरात आला होता आणि त्यावर एका वाचकाने लिहिलं की एकदा शिकलेल्या माणसाला परत काय शिकवायचं, हा सगळा वेळ आणि पैसा वाया. मी बावीस वर्षं न्यूजच्या कॅमेऱ्यामागे काढलीत त्यामुळे ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी ही माणसं कोण ते बघा. हे युनिफॉर्ममधले सैनिक आहेत, हातात कॅमेरा असला तरी खांद्याला रायफल असते. नागरी पत्रकाराला जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये, कलम 79 मध्ये, नागरिक म्हणून संरक्षण दिलंय, यांना ते लागू नाही, शत्रूच्या लेखी हे सैनिकच. 1968 मध्ये टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी मोठा हल्ला केला, त्या वेळी व्हिएतनाममधल्या हुए शहरात अमेरिकन लष्कराच्या टीव्ही स्टेशनची माणसं घेरली गेली, काही मारली गेली, काही पकडली गेली आणि जी वाचली ती 1973 मध्ये कैदेतून सुटली. स्टेशन चालवायला गेलेली माणसं होती ती! त्यामुळे रिफ्रेशरमध्ये गोळीबार आणि प्रथमोपचार का असतात हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा असा की यातले बरेच जण रिझर्व्हचे असतात. म्हणजे महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून साधारण दोन आठवडे लष्कराचं काम, बाकी दिवस आपली नोकरी, दुकान, कॉलेज काय असेल ते. मूळ शिक्षण मेरीलँडच्या फोर्ट मीडमध्ये डिफेन्स इन्फर्मेशन स्कूलला झालेलं असतं, 1995 पासून ती शाळा तिथे आहे, आणि शिक्षण चांगलंच असतं, पण ते होऊन तीन-चार वर्षं झाली की काय राहतं? डोक्यात राहतं, हातात राहत नाही.

हे मी स्वतःवरून सांगतो. आजारपणामुळे मी दोन वर्षं डेस्कवर होतो, नंतर परत फील्डवर आलो. पहिल्याच आठवड्यात अपघातात मुलगा गेलेल्या एका वडिलांची मुलाखत होती. शर्टाला कॉलर माइक लावला, फ्रेम बघितली, फोकस बघितला, उजेड बघितला, आणि हेडफोन बॅगेतच राहिला. ते गृहस्थ अकरा मिनिटं बोलले, मध्येच थांबले, परत बोलले. एडिटला बसलो तर माइकवर कापड घासल्याची खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक वाक्य सलग वापरता येईना. त्यांना परत बोला असं कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी? मला सगळं येत होतं हो, फक्त सवय गेली होती. एक दिवस कुणी समोर बसवून सराव करून घेतला असता तर ती मुलाखत वाचली असती. आजही त्यांचा चेहरा आठवतो.

आणि हे झालं साध्या न्यूजचं. लष्करात चूक झाली तर ती आवाजापुरती राहत नाही. त्यांच्या शाळेत कुठलीही क्लिप बाहेर सोडायच्या आधी चार गोष्टी तपासायला शिकवतात, सुरक्षा, अचूकता, धोरण आणि औचित्य. ऐकायला सोपं वाटतं, पण मेसमध्ये हसत जेवणाऱ्या सैनिकाच्या मागे भिंतीवर नकाशा लागलेला असतो, कुणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा असतो, कुंपणाचा कोपरा दिसत असतो, आणि शूट करणाऱ्याचं सगळं लक्ष त्या हसऱ्या चेहऱ्यावर असतं. ही नजर उजळणीशिवाय टिकत नाही. कुणी सैनिक मारला गेला तर घरच्यांना कळवल्यापासून 24 तास नाव जाहीर करत नाहीत, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ यावरच द्यायला हवा, कारण फुटेज पाठवायला आता मिनिट लागत नाही आणि आईला मुलाची बातमी स्क्रीनवरून कळावी यासारखं वाईट काही नाही.

शिवाय ऐकणारे फक्त त्यांचे सैनिकच नसतात. त्यांचं अमेरिकन फोर्सेस नेटवर्क 4 जुलै 1943 ला लंडनमधून सुरू झालं ते परदेशातल्या सैनिकांसाठी, पण रेडिओला कुंपण नसतं, टोकियोजवळ 810 एएम वर साधे जपानी लोकसुद्धा ते ऐकत आलेत. म्हणून माइकवर बसणाऱ्याला त्या देशात काय बोललेलं खपतं आणि काय मनाला लागतं हे जायच्या आधी माहीत हवंच, आणि ते प्रत्येक देशाचं वेगळं असतं, एकदा शिकलं की झालं असं नाही. नेटवर्कवर बाहेरच्या जाहिराती नसतात, त्या जागी सैनिकांना उपयोगी माहितीचे छोटे स्पॉट लागतात, ते लिहिणं-वाचणंही याच मुलामुलींकडे. तीस सेकंदात नीट बोलायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

माझं म्हणणं इतकंच की हे ट्रेनिंग कमी करू नका, उलट त्याचे दिवस वाढवा, आणि शिकवायला नुकतेच ड्युटीवरून परतलेले लोक बसवा, कारण वाळू लेन्समध्ये कुठून शिरते आणि उन्हात बॅटरी कशी दगा देते हे त्यांनी ताजं भोगलेलं असतं. आपल्या पेपराने या रिझर्व्हच्या पत्रकारांवर एकदा पानभर लिहावं ही विनंती. हुएच्या त्या माणसांबद्दलही लिहा, आपल्याकडे फार कमी जणांना ते माहीत आहे.

आपला,
एक निवृत्त न्यूज कॅमेरामन