रक्तवर्धक सिरपच्या लेबलावरील दाव्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘सर्व प्रकारच्या अ‍ॅनिमियावर गुणकारी’ या दाव्यामुळे आईचे निदान पाच महिने लांबल्याबाबत.

महोदय,

माझी आई ६८ वर्षांची आहे. माळकरी, शुद्ध शाकाहारी. अकरा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. जूनमध्ये तिला जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८ निघाले. औषधाच्या दुकानातून आपले सिरप आणले आणि बाटलीवरच्या नंबरावर मी स्वतः फोन केला. आपल्या प्रतिनिधीने हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा विचारला आणि ‘लोह कमी आहे, सकाळ-संध्याकाळ द्या’ असे सांगितले.

त्याच कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही ११६ लिहिले होते. लाल पेशीचे हे सरासरी आकारमान साधारण ८० ते १०० फेमटोलिटर असते. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, आईच्या तर मोठ्या झाल्या होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी ती ओळ माझ्या नजरेतून सुटली, याचे मला फार वाईट वाटते. पण फोनवर सल्ला द्यायला आपण माणूस बसवला आहे, त्याने तरी विचारायला हवे होते.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ९.९ झाले. आम्ही आनंदाने आणखी चार बाटल्या आणल्या. त्याच दिवसांत आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. पायातली चप्पल कधी निसटली ते तिला कळेना. रात्री दिवा गेला की भिंत धरून चालायची. जीभ लालभडक, गुळगुळीत झाली, आमटीचे तिखटही सोसेना. आम्ही म्हणायचो, रक्त वाढतंय ना, मग हे वयाचं असेल.

नोव्हेंबरमध्ये ती मोरीत पडली, तेव्हा फिजिशियनकडे नेले. त्यांनी घोट्याला ट्यूनिंग फोर्क लावला, आईला थरथर जाणवलीच नाही. काचपट्टीवरच्या रक्तात पेशी मोठ्या आणि अंडाकृती दिसल्या, पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला नेहमीपेक्षा जास्त, सहा-सहा पाळ्या. बी-१२ जीवनसत्त्व फक्त ९६, म्हणजे फारच कमी. शुद्ध शाकाहार आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते घटू शकते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. बी-१२ किंवा फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच औषधातले रूप) कमी पडले की अस्थिमज्जेत डीएनए वेळेवर बनत नाही, पेशी फुगत जाते पण विभागत नाही. मग पेशी थोड्या आणि मोठ्या, त्यातल्या कित्येक मज्जेतच फुटतात, म्हणून अंगावर पिवळट झाक. भरपूर फॉलिक अ‍ॅसिड मिळाले तर बी-१२ नसतानाही रक्त काही काळ सुधारते. मज्जारज्जू आणि नसांची हानी मात्र चालूच राहते. आपल्या सिरपमध्ये लोह आहे, दर मात्रेत दीड मिलीग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आहे, बी-१२ अजिबात नाही.

आपल्या माहितीपत्रकात फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाचे श्रेय अभिमानाने मुंबईला दिले आहे. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी १९२८ नंतर मुंबईत गरोदर गिरणी कामगार बायकांचा मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया अभ्यासला, यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या झाल्या; त्यातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. पण पर्निशियस अ‍ॅनिमियावर (शरीराला बी-१२ शोषता न आल्याने होणाऱ्या) चालणारा यकृताचा शुद्ध अर्क त्यांना लागू पडत नव्हता, हेही विल्स यांच्याच कामातून दिसले. एकाच्या औषधाने दुसरा बरा होत नाही, हे तेव्हाच उघड झाले होते. शिवाय दारू, यकृताचे आजार, थायरॉइडची कमतरता, मेथोट्रेक्सेट किंवा फेनिटॉइनसारखी औषधे, अस्थिमज्जेचे विकार यांनीही पेशी मोठ्या होतात. या सगळ्यांवर एक बाटली कशी चालेल?

आईला आता बी-१२ची इंजेक्शने चालू आहेत. रक्त सुधारले, जीभही बरी झाली. पायांची जाणीव पूर्ण परत येईल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. आषाढात ती वारीबरोबर दोन मुक्काम चालायची.

माझ्या मागण्या : ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द लेबल व जाहिरातीतून काढावेत. बी-१२ची कमतरता नाही याची खात्री केल्याशिवाय हे सिरप घेऊ नये, अशी ठळक मराठी सूचना बाटलीवर छापावी. फोनवरचा सल्ला बंद करावा, किंवा तेथे पात्र डॉक्टर बसवावेत. सात बाटल्यांची रक्कम व तपासण्यांचा खर्च परत करावा.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार मी दाखल करणार आहे. बिले, दोन्ही रक्त अहवाल आणि लेबलाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपली,
एक ग्राहक, सांगली