डीटीपीवाल्या ताईंना, पेन आण्णांच्याच हातात राहू दिल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कोल्हापुरात लग्नपत्रिका आणि शाळेची प्रमाणपत्रं करून देणारं तुमचं छोटं दुकान ज्यांना माहीत आहे, त्यांना कळेलच. गेल्या आठवड्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पिशवीत लॅपटॉप आणि पेन टॅबलेट (पेनाने रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते ती सपाट पाटी) घालून तुमच्याकडे आले होते. एक ए-थ्री प्रिंट मागायला आले आणि दीड तासाने उठले. ते माझे वडील, आण्णा. उभा जन्म पाट्या रंगवण्यात गेलेला माणूस.

तुम्ही काय काय केलंत ते मला सेटिंग्ज उघडल्यावर कळलं. आधी ज्यांनी काय काय केलं होतं तेही तिथेच दिसलं.

ज्या दुकानातून टॅबलेट घेतला, त्यांनी तो माउस मोडवर ठेवून दिला होता. 'सुरुवातीला सोपं जातं' म्हणे. म्हणजे पेन घ्यायचं आणि माउससारखं उचलून-उचलून सरकवायचं! माउसला फक्त किती सरकलो एवढंच कळतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही. पेन मोडमध्ये टॅबलेटचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा. पेन टेकवाल तिथेच रेघ उठते, आणि त्या भरवशावरच हात नजरेमागे जायला शिकतो. माउस मोडवर सहा महिने घासलं तरी तो शिकणार नाही. त्यात कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हरही, म्हणजे टॅबलेट लॅपटॉपशी जोडणारा प्रोग्रॅमही, तिथे पडून होता. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. कर्सर हलतो, पण दाबाची नोंद जाते आणि रेघ सुतासारखी एकाच जाडीची येते. तुम्ही दोन्ही काढलेत, मशीन रीस्टार्ट केलंत आणि मग एकच ड्रायव्हर टाकलात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे रीस्टार्ट बरेच लोक गाळतात आणि मग पेनला शिव्या देतात.

नंतर ज्या क्लासमध्ये आण्णा गेले, तिथल्या सरांनी निदान केलं, "काका, हात थरथरतो तुमचा. वयाने होतं. माउसवरच करा." आणि ज्या मुलीचं, म्हणजे माझं, पोट याच कामावर चालतं, ती फोनवर 'ड्रायव्हर अपडेट करून बघा' एवढंच म्हणाली. त्या यादीत मीही आहे, लपवत नाही.

थरथरीचं गणित साधं आहे. टॅबलेटची चालणारी जागा 152 × 95 मिलिमीटर. लॅपटॉपचा पडदा 15.6 इंची, म्हणजे रुंदी साधारण 345 मिलिमीटर. हात एक सेंटिमीटर हलला की कर्सर सव्वादोन सेंटिमीटर पळतो. थरथरही तेवढ्याच पटीत मोठी दिसते, कुणाच्याही हाताची, त्या सरांच्यासुद्धा. यावर उपाय म्हणजे चित्र झूम करून काढायचं आणि मनगट टेकायचं. पाटी रंगवताना ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून आण्णा काठीवर हात तोलतात, तसाच ते टॅबलेटवरही अधांतरी धरत होते. या टॅबलेटला फक्त पेन कळतं, तळहात कळतच नाही, हे त्यांना पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. रेघ आपोआप सावरून घेणारा स्टॅबिलायझरही तुम्ही अगदी थोडाच ठेवलात. तो वाढवला की रेघ गुळगुळीत होते खरी, पण अक्षराचे कोपरे गोल होतात, आणि पाटीवाल्याला ते खपत नाही.

'ठ' अंड्यासारखा का येतो, हेही क्लासमध्ये कुणाला सांगता आलं नव्हतं. टॅबलेटच्या रुंदी-उंचीचं प्रमाण 16:10, पडद्याचं 16:9. पूर्ण टॅबलेट पूर्ण पडद्यावर ताणला की आडवं माप सुमारे 11 टक्के वाढतं. हाताने 45 मिलिमीटरचा चोख गोल काढला तरी पडद्यावर उंची 92 आणि रुंदी 102 मिलिमीटर. साध्या माणसाला हे जाणवणार नाही, पण आण्णांच्या डोळ्याला ते खड्यासारखं लागत होतं. दोन्हींचं प्रमाण सारखं ठेवणाऱ्या 'फोर्स प्रपोर्शन्स'वर खूण केली की गोल सुधारतो, मात्र खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी निकामी होते. त्या पट्टीवर तुम्ही मास्किंग टेप लावून दिलीत. आता पेन तिथे गेलं की बोटालाच कळतं.

आणि ते गोल कडं! ब्रश टेकवून क्षणभर थांबायचं आणि मग ओढायचं, ही पाटीवाल्याची सवय. विंडोजमध्ये पेन टेकवून थांबलं की कडं उमटतं आणि राइट क्लिकचा मेनू उघडतो. घाईत रेघा मारणाऱ्या पोरांना त्याचा त्रास होत नाही, सावकाश हाताच्या माणसाला मात्र दर अक्षराला होतो. कंट्रोल पॅनलमधल्या 'पेन अँड टच'मध्ये 'प्रेस अँड होल्ड' बंद. एक टिचकी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. घरी आल्यावर आण्णांनी ड्रायव्हर, प्रपोर्शन यातलं काहीच सांगितलं नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "त्या बाईंनी पेनला हात लावला नाही."

मग हळूहळू कळलं. तुम्ही शेजारी स्टुलावर बसलात, हातात स्टीलची पट्टी. पट्टीच्या टोकाने पडद्यावर दाखवायचं, "इथं टेका. आता सोडा." त्या बारीक चौकोनात खूण करायला आण्णांचं पेन तीनदा चुकलं. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही गिऱ्हाइकांना 'बसा' म्हणालात आणि आण्णांना 'परत'. चौथ्यांदा खूण बसली.

यात नुसता चांगुलपणा नाही, कसबही आहे, म्हणून जास्त सांगते. टॅबलेटवर हात बसतो तो अशा बारीक जागा गाठून. खाली हाताकडे न बघता, नजर पडद्यावर ठेवून. पेन पृष्ठभागापासून सेंटिमीटरच्या आत ठेवून कर्सर नेमका जागेवर न्यायचा आणि मगच टेकवायचं. सगळ्या सेटिंग्ज तुम्ही माउसने दोन मिनिटांत उरकल्या असत्या, तर तेवढा सराव बुडाला असता. तुमच्याकडे चाललेली दुरुस्ती हाच त्यांचा पहिला धडा झाला.

बाकी सगळीकडे काय होतं ते आपण बघतोच. मोबाइलच्या दुकानात, बँकेच्या खिडकीशी, आणि सगळ्यात जास्त घरात. 'द्या इकडे' म्हणून वस्तू हातातून काढून घ्यायची, टकटक करायचं आणि 'झालं' म्हणून परत द्यायची. काय झालं ते विचारायची सोय नाही. वय झालेल्या माणसाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागतं.

शेवटची गोष्ट बोरूची. सगळे सांगतात, 'दाबा म्हणजे जाड येईल.' चित्राला ते ठीक. पण देवनागरीची जाडी दाबातून येत नाही, टाकाच्या कोनातून येते. तुम्ही ब्रशच्या आकारावरचा दाब बंद केलात, टोक चपटं केलंत, गोलाई 15 टक्क्यांच्या आसपास, आणि कोन 45 अंश दिलात. पहिला 'क' उलटा, इंग्रजी वळणाचा आला, तशी तुम्ही फक्त कोन 135 करायला सांगितलंत. बोरूची जीभ देवनागरीला उलट्या बाजूने कापतात हे आण्णांना ठाऊकच होतं, ते चटकन ओळखीचं हसले असणार.

टॅबलेटवर तुम्ही चिकटवून दिलेला ड्रॉइंग पेपर अजून आहे. कागदातून पेन व्यवस्थित चालतं, घसरत नाही, पण निब, म्हणजे पेनाचं टोक, लवकर झिजते. एका बाजूने सपाट होऊन धार आली की बदलायची, नाहीतर कागद फाटून खालचा टॅबलेट ओरबाडतो. नव्या निबांचं पाकीट पाठवते आहे, त्यातल्या दोन तुमच्या खणात राहू द्या.

आणि एक काम आहे. तुम्ही आण्णांकडून फक्त प्रिंटचे पैसे घेतलेत, म्हणून ते तुमच्या दुकानाची पाटी काढायला बसले आहेत. मजकूर झाला, 'झेरॉक्स'मधला 'झे' तेवढा चार वेळा बदलून झाला. आता माप कळवा, फुटांत. फ्लेक्स लोखंडी चौकटीवर ताणणार असाल तर दुमडायला चारी बाजूंनी किती इंच सोडायचे तेही लिहा. 6 × 2 फुटांची असेल तर 100 डीपीआयला (इंचाला 100 ठिपके) 7200 × 2400 पिक्सेलची फाइल होते, तेवढी त्यांच्या लॅपटॉपला झेपते. त्याहून मोठी असेल तर आधी सांगा.

तुमची,
आण्णांची थोरली