डेव्हिसला निघण्याआधी

सनीव्हेल,
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळी निघायचं म्हणून तू लवकर झोपलास. आई अजून स्वयंपाकघरात आहे. मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या पिशवीत घालते, पुन्हा बाहेर काढते, झाकण घट्ट बसलंय का बघते. मी फ्रिजच्या दारावरचा तुझा तक्ता काढायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. दोन वर्षं तो कागद तिथे होता. डावीकडे डी अँझा कम्युनिटी कॉलेजातले विषय, उजवीकडे डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत त्यांच्या बदल्यात काय धरलं जातं ते, आणि मध्ये तुझ्या रंगांच्या खुणा. झालं ते हिरवं, चालू ते पिवळं, राहिलं ते लाल. खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग पडलाय, तो माझ्या बोटाचा. आता सगळा तक्ता हिरवा आहे. तो मी तुला देणार नाही, माझ्या कपाटात ठेवणार आहे.

हे सगळं खरं तर उद्या गाडीत बोलता आलं असतं. पण मला माहीत आहे, मी गाडीत टायरमधल्या हवेबद्दल बोलेन. म्हणून लिहितोय.

२०२३च्या दिवाळीत आपल्याकडे फराळाला पंधरा-वीस माणसं होती, आठवतं? त्या वर्षी ओळखीतली मुलं बर्कलीला, पर्ड्यूला, इलिनॉयला गेली होती आणि ती नावं एकामागून एक ऐकू येत होती. कुणीतरी मला विचारलं, ‘तुमचे चिरंजीव कुठे असतात सध्या?’ मी म्हणालो, ‘इथेच आहे जवळ, बघतोय काय काय.’ तू माझ्या मागे चकल्यांची ताटली घेऊन उभा होतास. ताटली टेबलावर ठेवलीस, एका काकूंना पाणी आणून दिलंस आणि वर खोलीत निघून गेलास. रात्री जेवायला खाली आलास तेव्हा नेहमीसारखाच बोललास.

‘इथेच जवळ.’ तुझ्या कॉलेजला नाव होतं. रोज सकाळी सातला तू स्टीव्हन्स क्रीकच्या रस्त्याने तिथे जात होतास आणि ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. मला लाज वाटली होती, सोन्या. तुझी नाही वाटली, असं म्हणून सुटता येणार नाही, कारण तुझ्यापर्यंत ती तशीच पोचली. माझं चुकलं. दोन वर्षं हे वाक्य मनात घोळवतोय, आज लिहिलं.

आणि हे माझ्याकडून व्हायला नको होतं. का, ते तुला ठाऊक नाही, कारण मी ते तुला कधी नीट सांगितलंच नाही.

१९९१ साली मी लातूरला दहावी झालो. मार्क चांगले होते. अकरावी-बारावी सायन्स, मग इंजिनीअरिंग, असा सगळ्यांचा रस्ता होता. पण आजोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, घरात तुझ्या दोन आत्यांची लग्नं व्हायची होती. डिप्लोमा केला तर तीन वर्षांत हाताला काम लागतं, म्हणून मी सरकारी तंत्रनिकेतनात गेलो. शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी सांगितलं, तुझे मार्क आहेत, डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर मिळेल, अर्ज कर. पुण्यात प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वर्ग सुरू होऊन महिना उलटला होता. मी पत्र्याची ट्रंक घेऊन पोचलो तेव्हा प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या, मैत्र्या जुळलेल्या. आणि समोर एम-थ्री, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. बाकीच्यांचं बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित झालेलं. फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म चालू, आणि मला त्याच्या आधीचं इंटिग्रेशनच धड येत नव्हतं. पहिल्या टेस्टला पंचविसात चार. वर्गात माझं नाव कुणी विचारलं नाही, ‘तो डिप्लोमावाला’ एवढं पुरत होतं.

वर्कशॉपमध्ये मात्र गोष्ट उलटी होती. लेथच्या चकमध्ये जॉब कसा बांधायचा, सेंटर कसा काढायचा, हे मला हातानेच येत होतं. तिथे मुलं माझ्याकडे यायची. त्यातलाच एक मुलगा मग रोज रात्री मेसमध्ये जेवण झाल्यावर मला इंटिग्रेशन शिकवायचा. ताटं बाजूला सारून, वहीच्या पाठकोऱ्या पानांवर. एम-थ्री मी पहिल्या झटक्यात सुटलो ते त्याच्यामुळे.

पण पुढे अमेरिकेत आल्यावर रेझ्युमेमधून डिप्लोमाची ओळ मी काढून टाकली. काढ असं कुणी म्हणालं नव्हतं. ज्या तीन वर्षांनी मला हात दिले, ती तीन वर्षं मी पुसून टाकली. आणि तीस वर्षांनी माझाच मुलगा तशाच वाटेने निघाला तेव्हा लोकांसमोर पुन्हा तेच केलं.

तू डी अँझाला का गेलास, हेही मी तेव्हा ऐकून घेतलं नव्हतं. हव्या त्या ठिकाणांहून नकार आले, मिळालं ते दुसऱ्या राज्यात, महागडं. तू म्हणालास, ‘बाबा, मला कम्प्युटर सायन्स नकोय. काय हवंय ते अजून कळलेलं नाही. कळलेलं नसताना वर्षाला चाळीस हजार डॉलर कशाला घालायचे?’ अठरा वर्षांच्या मुलाने याहून सरळ काय बोलायला हवं होतं? डी अँझात एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ३१ डॉलर. तिथून युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायला, म्हणजे ट्रान्सफरला, लागतात ती ९० क्वार्टर युनिटं धरली (क्वार्टर म्हणजे इथलं सत्र) तर दोन वर्षांची शिक्षणाची फी २,७९० डॉलर होते. डेव्हिसला एका वर्षाची फीच पंधरा हजारांच्या आसपास आहे, राहणं-खाणं वेगळं. हा हिशेब तू मला कागदावर करून दाखवला होतास आणि मी त्या कागदाकडे न बघता ‘लोक काय म्हणतील’ हे मनात धरून बसलो होतो.

मग दुसऱ्या क्वार्टरला तू भूगर्भशास्त्राचा एक विषय घेतलास. जेवताना एकदा म्हणालास की विसाव्या शतकात जमिनीखालचं पाणी उपसून उपसून सॅन होजेची जमीन जवळजवळ तेरा फूट खचली. तेरा फूट म्हणजे किती ते दाखवायला तू खुर्चीवर चढलास, हात वर केलास, तरी पुरला नाही. त्या रात्री तू लातूरबद्दल विचारत राहिलास. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण गेलो तेव्हा आजोबा अंघोळीचं पाणी परातीत धरून ठेवायचे आणि ते कढीपत्त्याला घालायचे. तू अकरा वर्षांचा होतास. मला वाटलं होतं विसरला असशील. तू त्या परातीवर युनिव्हर्सिटीच्या अर्जात उत्तर लिहिलंस, साडेतीनशे शब्दांत, आणि मला वाचायला दिलंस तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

ही वाट मागच्या दाराची आहे असं मी धरून चाललो होतो. आता थोडं वाचलंय. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. त्यात क्लार्क कर यांचा मोठा वाटा होता, ते तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे डेव्हिस जिचा भाग आहे त्या यूसीचे, अध्यक्ष होते. वरच्या थोड्या मुलांना यूसी, त्याखालच्यांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, शिवाय तिथून दोन वर्षांनी वर जाण्याचा रस्ता पहिल्यापासून आखलेला. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. म्हणजे तू आत शिरलास तो दरवाजा घर बांधतानाच ठेवलेला होता, पासष्ट वर्षांपूर्वी.

पण रस्ता आखलेला असला तरी तो चालायला किती डोकं लागतं ते मी रोज बघितलं. कुठला विषय कुठे चालतो ते असिस्ट या वेबसाइटवर शोधणं. यूसीच्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पस टॅग, म्हणजे अटी पुऱ्या केल्या तर ट्रान्सफरला प्रवेशाची हमी, देतात, पण त्यातला एकच निवडता येतो, तेव्हा डेव्हिस की सांता क्रूझ यावर तू आठवडाभर झोपला नाहीस. सप्टेंबरात टॅग, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुख्य अर्ज, जानेवारीत पुन्हा ग्रेड कळवणं. केमिस्ट्रीचा एक विषय क्रमात राहून जातोय हे रात्री साडेअकराला तुझ्याच लक्षात आलं, आणि तो बसवायला तू आख्खा उन्हाळा दिलास. पहिल्या वर्षाला थेट गेलेल्या मुलांना हे कुणी करायला लावत नाही. त्यांचा रस्ता दुसऱ्या कुणीतरी लावून दिलेला असतो.

आता पुढचं. लेक्चर देत नाही, पण मी दुसऱ्या वर्षात मधूनच शिरलेला माणूस आहे, तेव्हा एवढं ऐक.

पहिल्या क्वार्टरला मार्क घसरले तर घाबरू नकोस. हे इतक्या जणांचं होतं की १९६५ सालापासून त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असं नाव आहे. क्वार्टरच्या वेगाची तुला सवय आहे, तो फायदा आहे. पण डी अँझात वर्गात तीस-चाळीस मुलं असायची, सर तुला नावाने हाक मारायचे. डेव्हिसच्या मोठ्या हॉलमध्ये तू हात वर केलास तरी दिसणार नाहीस. पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटायच्या वेळेत, जा. प्रश्न नसेल तरी जा, नाव सांग, डी अँझाहून आलोय म्हणून सांग. तुझ्या हातात दोनच वर्षं आहेत. बाकीची मुलं दोन वर्षं तिथे राहून प्रोफेसरांच्या लॅबमध्ये शिरलेली असतील. तू तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारायला गेलास तर उशीर झालेला असेल. आणि वरच्या वर्गांचे काही विषय वर्षातून एकदाच असतात. हायड्रॉलॉजीचा, म्हणजे पाण्याच्या शास्त्राचा, असा एखादा विषय चुकला तर आख्खं वर्ष वाट बघावी लागेल, म्हणून फ्रिजवरच्या तक्त्यासारखा नवा तक्ता पहिल्याच दिवशी कर, आणि तिथल्या ॲडव्हायझरपुढे ठेव.

शुक्रवारी संध्याकाळी एकटं वाटेल. डॉर्मच्या पहिल्या वर्षात ज्यांची मैत्री झाली ते आपल्यातच असतील. कॅम्पसवर ट्रान्सफर मुलांचं एक सेंटर आहे, तिथे जाऊन बस. मला मेसमध्ये एक मुलगा भेटला होता, तो आपण होऊन आला नव्हता. मी लेथवर होतो म्हणून तो आला. तुझी काय लेथ आहे ते तुला माहीत आहे. क्रीकमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून नमुने घ्यायची तुला सवय आहे. पुटा क्रीक तिथे हाकेच्या अंतरावर आहे.

एक गोष्ट मला ऐकवली गेली आहे, दोन-तीन जणांकडून, मायेनेच. ‘काळजी कशाला करता, पदवी यूसीचीच मिळणार, डी अँझाचं त्यावर काही लिहिलेलं नसतं.’ खरं आहे, लिहिलेलं नसतं. मी तेव्हा बरं वाटून घेतलं होतं. आता वाटतं, त्यावर लिहिलेलं नसतं म्हणूनच आपण सांगायचं. डी अँझाने तुला पाणी दाखवलं. तू कुठल्याही मुलाखतीत, कुठल्याही टेबलावर ते नाव पहिलं घे. काल रात्री मी लिंक्डइन उघडलं आणि माझी ओळ परत घातली. डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनीअरिंग, १९९४. आईने मागून वाचली आणि खांद्यावर हात ठेवला.

सायकलचं कुलूप डिकीच्या डाव्या कप्प्यात आहे, किल्ली दोन, एक आमच्याकडे राहू दे. चटणीची बरणी उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेव.

दिवाळीचा फराळ १८ ऑक्टोबरला, शनिवारी ठेवलाय. शुक्रवारच्या कॅपिटल कॉरिडॉर ट्रेनने ये, मी ग्रेट अमेरिका स्टेशनवर घ्यायला येतो. तीच माणसं येणार आहेत. तू कुठे असतोस असं कुणीतरी नक्की विचारणार, आणि दोन वर्षं डी अँझाला होता, आता डेव्हिसला पाण्याचा अभ्यास करतो, असं मी सांगणार आहे. तेव्हा ताटली घेऊन मागे उभा राहू नकोस. माझ्या शेजारी ये.

तुझा,
बाबा