चिपीचा प्रश्न आणि इथली दीड किलोमीटरची धावपट्टी

कार्नी, नेब्रास्का, अमेरिका
नोव्हेंबर

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता बरा आहे असं दादाने कळवलं, जीव भांड्यात पडला. इकडे मक्याची कापणी उरकत आली आहे आणि सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरायला लागलाय.

मागच्या फोनवर तुम्ही आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा विषय काढलात. उडानची, म्हणजे लहान गावांच्या विमानमार्गांना केंद्राने अनुदान द्यायच्या योजनेची, तीन वर्षांची मुदत संपली आणि 2024 साली अलायन्स एअरचं मुंबईचं विमान बंद झालं, तो राग तुमच्या मनात अजून आहे. "अडीच किलोमीटरची धावपट्टी केली, पण विमान कुठाय? आणि तुमच्याकडे म्हणे चार हजार वस्तीच्या गावातसुद्धा विमानतळ चालतो. तो कसा काय?" असं तुम्ही विचारलंत. हे सांगायला फोन पुरायचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या ऑफिसात सध्या माझ्याकडे तेच काम आहे, अशाच एका गावाच्या विमानतळाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. काम चालू असल्यामुळे गावाचं नाव लिहीत नाही. कार्नीपासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे एवढं पुरे.

आधी तो विमानतळ डोळ्यांसमोर आणा. डांबराची एक धावपट्टी, साधारण दीड किलोमीटर. पत्र्याच्या हँगरांच्या दोन रांगा, पेट्रोलची टाकी, आणि एक बैठी खोली. खोलीत कॉफीचं यंत्र, सोफा आणि भिंतीला खिळ्यावर एका जुन्या मोटारीची किल्ली. परगावचा वैमानिक उतरला की ती किल्ली घेतो, गावात जेवून येतो, गाडीत थोडं पेट्रोल भरून परत लावतो. कुणी विचारत नाही. विमानांना रेडिओवरून सूचना देणारा टॉवर नाही. रात्री दिवे बंद असतात. येणारा वैमानिक आपल्या रेडिओचं बटण ठराविक वेळा दाबतो, तसे धावपट्टीचे दिवे लागतात आणि पंधरा मिनिटांनी आपोआप विझतात. तिकीट काढून बसायचं विमान इथे एकही येत नाही, आणि तरी हा विमानतळ वर्षभर कामात असतो.

कोण वापरतं ते सांगते. गावातलं हॉस्पिटल लहान, पंचवीस खाटांच्या आतलं. हृदयविकाराचा झटका आलेला किंवा ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस ओमाहाला न्यायचा तर रस्त्याने चार तास. किंग एअर नावाचं दोन इंजिनांचं विमान रात्री-बेरात्री येतं आणि पेशंट घेऊन जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मक्यावर बुरशीनाशक फवारणारी पिवळी विमानं दिवस उजाडल्यापासून उडतात. त्यांतलं मोठं म्हणजे एअर ट्रॅक्टर 802, त्याच्या टाकीत तीन हजार लिटर औषध मावतं. ते भरून धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं की किती जड आहे ते नुसत्या टायरांकडे बघूनही कळतं. शिवाय जनावरांचे डॉक्टर, बियाणं कंपनीची माणसं, विमान शिकणारी शाळेतली पोरं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर असं, की इथे लहान विमानतळाचा विचार मुंबईच्या विमानापासून सुरूच होत नाही. गावाला आज कशाची गरज आहे तिथून तो सुरू होतो, आणि उद्या गरज वाढली तर तिच्यासाठी जागा मोकळी राहील ना, तिथवर जातो. प्रवासी विमान आलं तर आनंदच आहे, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा करत नाहीत. नेब्रास्कातही मकुक, चॅड्रन, अलायन्स अशा छोट्या गावांना डेन्व्हरची विमानं आहेत, आमच्या कार्नीलाही आहे. ती केंद्राच्या अनुदानावर चालतात. 1978 साली इथे विमान कंपन्यांवरची बंधनं उठली तेव्हा लहान गावं तुटू नयेत म्हणून ते अनुदान सुरू केलं, आणि ते आजही चालू आहे. तीन वर्षांत कुठलाही मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे गृहीतच मला पटत नाही. काही मार्ग राहतात, पण डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागातले बहुतेक राहत नाहीत.

आता आराखड्याचं. पाच, दहा आणि वीस वर्षं असे तीन टप्पे धरतात. सगळ्यात कठीण काम पहिलंच, म्हणजे विमानं मोजणं. टॉवर नाही म्हणजे नोंद नाही. मग पेट्रोल विक्रीची वही चाळायची, हँगरवाल्यांना विचारायचं, ॲम्ब्युलन्स विमानाच्या फेऱ्यांची यादी मिळवायची, विमानं सोडतात ते रेडिओ संकेत पकडणारं यंत्र लावून ठेवायचं. हे सगळं कशासाठी, तर धावपट्टी कुठल्या विमानाच्या मापाने बांधायची ते ठरवण्यासाठी. इथला नियम असा, की ज्या मोठ्या विमानाची वर्षाला किमान 500 उड्डाणं-उतरणी होतात त्याच्या मापाने बांधायची. उतरणं एक, उडणं एक, म्हणजे 250 फेऱ्या. एखादा श्रीमंत माणूस वर्षातून दोनदा जेट घेऊन सासरी येतो म्हणून धावपट्टी लांबवून मिळत नाही.

इथेच आकडा फुगवण्याचा मोह होतो, बाबा. गावातल्या लोकांना वाटतं, वीस वर्षांत विमानं दुप्पट होतील असं लिहा, म्हणजे पैसे मिळतील. मला त्यांचं मन कळतं, कारण या भागातल्या कित्येक तालुक्यांची वस्ती घटते आहे, शाळा एकत्र कराव्या लागतात, आणि विमानतळ हीच काहीतरी वाढेल अशी एक आशा असते. पण आमचा अंदाज एफएएकडे, म्हणजे केंद्राच्या विमान खात्याकडे जातो. त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा पहिल्या पाच वर्षांत दहा टक्क्यांहून, दहा वर्षांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असला की ते कारण मागतात. सगळा जाडजूड आराखडा ते वाचतात, पण मंजुरी फक्त दोन गोष्टींना देतात, या अंदाजाला आणि विमानतळाच्या नकाशाला. मला हे फार योग्य वाटतं. अंदाज खोटा निघाला तर त्यापुढचं सगळंच खोटं.

पैशांचं थोडक्यात सांगते. देशभरातले साधारण 3,300 विमानतळ केंद्राच्या यादीत आहेत. त्यांतल्या आमच्यासारख्या लहानांना वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत हक्काचे मिळतात आणि चार वर्षांचे साठवता येतात. मोठ्या कामाचे नव्वद टक्के केंद्र देतं. 2025 आणि 2026 या दोन आर्थिक वर्षांसाठी ते पंचाण्णव केलेत. हा पैसा प्रवाशांच्या तिकिटांवरच्या आणि विमानाच्या इंधनावरच्या करातून येतो, 1970 पासून त्याचा वेगळा निधी आहे. पण पैसा घेतला की गावावर बंधन येतं. वीस वर्षं विमानतळ नीट चालू ठेवायचा, त्याचं उत्पन्न दुसरीकडे वळवायचं नाही, आणि त्या पैशातून जमीन घेतली असेल तर ते बंधन कायमचं. ही अट मला सगळ्यात आवडते. उद्घाटन झालं, फीत कापली आणि विसरले, असं करायची सोयच नाही.

गेल्या महिन्यात आम्ही त्या धावपट्टीवरून टोकापासून टोकापर्यंत चालत गेलो, हातात मोजपट्टी आणि वही. उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास आणि हिवाळ्यात उणे वीसच्या खाली, असं हवामान आहे. डांबर आकसतं, आडव्या फटा पडतात, फटीत पाणी शिरतं, त्याचा बर्फ होतो आणि फट रुंदावते. कुठे सुरी जाईल एवढी, कुठे माझा अंगठा जाईल एवढी. प्रत्येक फट मोजून शेवटी धावपट्टीला शंभरपैकी गुण देतात. वेळच्या वेळी फटा भरल्या तर डांबर वीस वर्षं निघतं, नाहीतर सगळं उकरून नवं करावं लागतं. आपल्या सड्यावर, म्हणजे चिपीच्या कातळाच्या पठारावर बर्फ नाही, पण पाऊस काय कमी आहे? चिपीच्या धावपट्टीचं पाणी कसं वाहून जातं, हे जून-जुलैमध्ये कोण बघतं, याची मला खरोखर काळजी वाटते.

मार्चमध्ये इथे वेगळीच काळजी असते. प्लॅट नदीच्या पात्रात पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रौंच उतरतात. दिवसा शेतात सांडलेला मका टिपतात, संध्याकाळी नदीवर परततात. बघायला जगभरातून लोक येतात, पण चार किलोचा पक्षी विमानाच्या काचेवर आदळला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून विमानतळाच्या मोकळ्या जमिनीवर मका घेऊ देत नाहीत, गवत कापायला भाड्याने देतात. कचरा डेपो किंवा सांडपाण्याचं तळं साध्या पेट्रोलच्या विमानांच्या धावपट्टीपासून दीड किलोमीटर आणि जेट इंधनाची विमानं येत असतील तर तीन किलोमीटर दूर ठेवायला सांगतात. गावाने पुढच्या दहा वर्षांत सांडपाण्याची नवी तळी कुठे करायची ते ठरवलंय, आणि ती जागा नेमकी आमच्या नकाशात आडवी येते. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

पण मला झोप येऊ देत नाही ते जमिनीचं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची जागा मोकळी राहायला हवी, आणि तिच्यावरची हवासुद्धा. रात्री आणि धुक्यात यंत्रांच्या आधाराने उतरायचं असेल तर टोकापुढे दर 34 फुटांना 1 फूट अशी चढती रेघ धरतात, आणि तिच्या वर कुठलीही वस्तू आलेली चालत नाही. इथे धान्याची उंच कोठारं असतात, पवनचक्क्या उभ्या राहताहेत. एफएए फक्त धोका आहे की नाही ते सांगतं, बांधकाम थांबवायचा अधिकार त्याला नाही. तो गावाच्या आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, जमीनवापराच्या नियमांत असावा लागतो. तेव्हा विमानतळ वाचवायचा तर धावपट्टीपेक्षा त्या कचेरीतल्या नियमांवर जास्त मेहनत घ्यावी लागते.

जाहीर सभेला सत्तरीचा एक शेतकरी आला होता. टोपी हातात धरून मागच्या बाकावर बसलेला. धावपट्टी तीनशे मीटर लांबवायचा पर्याय नकाशावर तुटक रेघांनी दाखवला होता, आणि त्या रेघा त्याच्या शेतातून जात होत्या. तो म्हणाला, "वीस वर्षांनी लागेल किंवा लागणारही नाही, पण आज ही रेघ मारलीत तर माझा मुलगा तिथे घर बांधेल का?" सभागृहात कुणीच बोललं नाही. मला आपला सडा आठवला, विमानतळासाठी तिथल्या जमिनी गेल्या तेव्हा घराघरांतून काय काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंत. दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांशी भांडले. लांबवायची गरज पहिल्या दहा वर्षांत कुठल्याच आकड्यातून निघत नाही, मग ती रेघ लगेच कशाला? शेवटी असं ठरतंय की जमीन त्याचीच राहील, गाव फक्त विशिष्ट उंचीच्या वरच्या हवेचा हक्क त्याच्याकडून योग्य मोबदल्यात विकत घेईल. तो पेरेल, कापेल, हवं तर बैठं गोदाम बांधेल. अजून सही झालेली नाही, पण तो आता आमच्याशी बोलतो.

पेट्रोलचंही एक आहे. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, ते 2030 च्या अखेरपर्यंत बंद करायचं इथे ठरलंय. म्हणून दुसऱ्या टाकीची जागा आत्ताच राखून ठेवतोय.

आता चिपी. तुम्ही सभेला जाता, तर मुंबईचं विमान कधी, एवढंच विचारून थांबू नका. 2023 च्या जानेवारीत गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला, तो सावंतवाडीच्या उंबरठ्यावर आहे. कुडाळचा माणूस मोपाला जाईल की चिपीला, हा हिशेब कुणी मांडलाय का ते विचारा. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावा लागणारा पेशंट रस्त्यात किती तास काढतो, आणि त्याच्यासाठी मुंबई-पुण्याहून ॲम्ब्युलन्स विमान उतरवता येईल का, ते विचारा. वैमानिक शिकवणारी शाळा तिथे का नको? अडीच किलोमीटरची धावपट्टी तयार आहे, इथे तर दीड किलोमीटरमध्ये लोक एवढं करतात. आणि भोवतालची जागा येत्या वीस वर्षांत हॉटेलं-इमारतींनी वेढली जाणार नाही, यासाठी ग्रामपंचायतींकडे काय नकाशा आहे, हे तर नक्की विचारा. हे लहान प्रश्न वाटतात, पण उत्तरं यांचीच लागतात.

दादा चिपीजवळ परुळ्याच्या बाजूला होम-स्टेसाठी जागा बघतोय असं वहिनी म्हणाली. त्याला सांगा, सातबारा बघण्याबरोबरच विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या नकाशात ती जागा कुठे येते ते बघ आणि ना-हरकत दाखला कोणत्या उंचीपर्यंत मिळेल ते आधी विचार. दुमजली बांधायचं ठरवून पैसे गुंतवले आणि मग अडलं, असं व्हायला नको. त्याने गट नंबर पाठवला तर मीही बघीन.

आईला म्हणावं, गोळ्या वेळेवर घे आणि जिना चढू नको. आजीला नमस्कार. शिमग्याला यायचं नक्की केलंय, तिकीट मोपाचं मिळतंय, पण तोवर चिपीला उतरायची सोय झाली तर लगेच कळवा.

तुमची,
मनू