उंबरठ्याखालच्या शिवराया

कोलशेत, ठाणे

प्रिय दिल्या,

मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र) घेतलास आणि पावसाळा सरला की किल्ल्यावर न्यायचा म्हणतोस, हे वाचून राहवेना, म्हणून रात्रीच लिहायला बसलो. नको नेऊस. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणं गुन्हा आहे हे तर झालंच, पण मला वेगळंच सांगायचंय.

मामाचं जुनं घर पाडल्याचं तुला कळवलं होतं. कौलं-वासे गेले, जोतं तेवढं राहिलं. भाच्याचा डिटेक्टर घेऊन तिथे दोन रविवार फिरलो. पहिला अख्खा खिळे आणि बिजागऱ्या काढण्यात गेला. लोखंडाचा आवाज तुटक येतो. दुसऱ्या रविवारी उंबरठ्याच्या जागेवर कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची चकती, नेली तर हेडफोनमध्ये स्वच्छ, भरीव आवाज! आडवी-उभी कशीही फिरवली तरी तोच. वीतभर खाली चार नाणी एकमेकांना चिकटलेली. त्यात तीन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी.

पहिली मी चिंचेने घासली. आठवलं की अजून पोटात कालवतं. हिरवं पुट निघालं आणि त्याच्याबरोबर अक्षरंही. हाती उरली नुसती गुळगुळीत लाल चकती. बाकीची मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवली, माती तेवढी दातकोरणीने काढली. रात्री टॉर्च आडवा धरला तेव्हा ठिपक्यांच्या वर्तुळात 'राजा' दिसलं, खाली 'शिव'. उलटून पाहिलं तर 'छत्र', त्याखाली अर्धवट 'पति'. मामीने नाणं कपाळाला लावलं.

सगळे म्हणाले, महाराजांच्या काळातली. मलाही तसंच वाटलं, चौथं नाणं सुटं होईपर्यंत. त्यावर तराजू, पारड्यांच्या मध्ये फारसीत 'अदल' म्हणजे न्याय. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा आणि १८३३ साल. १६७४च्या राज्याभिषेकानंतरची ही शिवराई पुढे पेशवाईतही पाडत होते आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात चालायची. म्हणजे ही चारही नाणी १८३३च्या आधी तिथे पुरलेली असूच शकत नाहीत. बहुधा घर बांधताना कुणीतरी आपल्याच माणसाने उंबरठ्याखाली ठेवली असावीत. कुणी नुसती शिवराई उपटून विकली असती तर हे कधीच कळलं नसतं. किल्ल्यावर तू नेमकं हेच पुसून टाकशील रे.

जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, १८७८चा निखात निधी कायदा आहे. बांधकाम अडेल म्हणून मामा घाबरला होता. त्याला समजावलं, जागेचा नकाशा काढला, फोटो जोडले आणि अर्ज देऊन आलो. घासलेल्या नाण्याचंही खरं ते लिहिलं.

विहिरीकडचा कोपरा मी अजून भरू दिलेला नाही. पाया पुढच्या सोमवारी घालणार आहेत. रविवारी सकाळी डिटेक्टर घेऊन ये, टेप आणि वही माझ्याकडे आहे.

तुझा,
विन्या