सुपरमार्केटातली कॉफी निवडताना

लिस्बन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कॉफीच्या देशात राहतेस तर स्वस्त आणि बरी कॉफी कोणती घ्यावी ते सविस्तर लिहून कळव, असे तुम्ही फोनवर सांगितले होते, म्हणून हे पत्र. इथल्या कंपन्यांची नावे कळवून तुम्हाला उपयोग नाही, कारण ती पाकिटे फोंड्याला मिळायची नाहीत. पण पाकीट पारखायचे कसे, हे लिस्बनला आणि आपल्या बागायतदार बाजारात सारखेच आहे.

इथे सुपरमार्केटात दळलेली कॉफी बहुधा 250 ग्रॅमच्या पाकिटात मिळते. पोर्तुगालमधली सर्वांत परिचित कंपनी डेल्टा, जी 1961 साली स्पेनच्या सीमेजवळच्या काम्पू मायोर गावात सुरू झाली. तिची साधी पाकिटेही सामान्य माणसाला परवडतात. कॉफीच्या दोन मुख्य जाती, नाजूक सुगंधाची अरेबिका आणि कडक चवीची रोबस्टा. पोर्तुगीजांच्या कॉफीत रोबस्टा बियांचा वाटा पूर्वीपासून मोठा, कारण आफ्रिकेतला अंगोला त्यांच्या ताब्यात होता आणि तिथे मुख्यतः रोबस्टाच पिकत असे. ‘बिका’ म्हणून इथे जी इवलीशी कडक कॉफी पितात, तिचा दाटपणा बराचसा या रोबस्टाचा. म्हणून ‘शंभर टक्के अरेबिका’ या सोनेरी अक्षरांना भुलून दुप्पट पैसे मोजू नका. भारतातल्या एकूण कॉफीपैकीही सुमारे 70 टक्के रोबस्टाच असते, आणि दूध-साखरेच्या कॉफीत तिची कडू धार उलट उपयोगीच पडते. अरेबिकाचा सुगंध बिनदुधाच्या कॉफीत कळतो. आपल्या घरी जायफळ-वेलदोडा घातल्यावर तो कुणाच्या नाकाला लागणार? एक मात्र ध्यानात ठेवा, रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, तेव्हा संध्याकाळचा कप लहान असू द्या.

खरी पारख पाकिटाच्या पुढल्या चित्रावर होत नाही, मागच्या बारीक अक्षरांत होते. आपल्याकडे कॉफीत चिकोरी, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळी, मिसळलेली असेल, तर दोहोंचे प्रमाण छापणे कायद्याने बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांहून कमी चालत नाही. चष्मा लावून तो आकडा वाचा आणि किंमत पाकिटावर नव्हे, आतल्या कॉफीवर काढा. समजा, 200 ग्रॅमचे मिश्रण 150 रुपयांना आहे आणि त्यात कॉफी 60 टक्के आहे, तर तुमच्या हाती कॉफी आली 120 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपया. शेजारचे चिकोरी नसलेले 200 ग्रॅमचे पाकीट 220 रुपयांना असेल, तर तिथे ग्रॅमला एक रुपया दहा पैसेच पडतात. तरी चिकोरी म्हणजे भेसळ, असे आईने समजू नये. तिच्यात कॅफीन नसते, पण दुधाच्या कॉफीला ती रंग आणि दाटपणा देते. माझ्या मते आपल्या घरी 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी हे प्रमाण जमून जाईल. सावंतवाडीच्या मावशीलाही हे कळवा, कारण ती नेहमी सर्वांत स्वस्त पाकीट उचलते.

यानंतर पाहावी ती पॅकिंगची तारीख. शक्य तितकी ताजी घ्यावी, आणि सवलतीच्या टोपलीतले मुदत संपत आलेले पाकीट घेऊच नये. हवा काढून बंद केलेले पाकीट विटेसारखे घट्ट लागले पाहिजे. बोटाने दाबल्यावर ते भुसभुशीत लागले, तर आत हवा शिरली आहे असे समजून ठेवून द्यावे. दळलेली कॉफी उघडल्यावर तिचा वास काही दिवसांतच उतरू लागतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ती दमट होऊन तिचे गोळेही होतात. तेव्हा मोठे पाकीट स्वस्त पडत असले तरी 100 किंवा 200 ग्रॅमचेच आणा, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये ठेवू नका. थंड डबा बाहेर काढून उघडला की आत ओलावा धरतो.

दादाने आणलेल्या स्टीलच्या फिल्टरसाठी ‘फिल्टर कॉफी’ असे लिहिलेलेच पाकीट घ्या. इतर, जास्त जाड दळलेल्या भुकटीतून पाणी भरकन खाली जाते आणि काढा फिका उतरतो. पाणी उकळले की मिनिटभर थांबून ओता आणि पंधरा-वीस मिनिटे फिल्टरला हात लावू नका.

राहता राहिली झटपट विरघळणारी कॉफी. मोठ्या दाण्यांची महागडी बरणी बहुधा गोठवून सुकवलेल्या कॉफीची असते, तर साधी भुकटी गरम हवेत फवारून सुकवतात. पाहुणे आल्यावर घाईने करायच्या दुधाच्या कॉफीला साधी भुकटी पुरेशी आहे. फक्त तिच्यावरही चिकोरीचा आकडा तेवढा पाहा.

या आठवड्यात बाजारात गेलात की दोन-तीन पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो दादाला पाठवायला सांगा, म्हणजे त्यातले कोणते घ्यावे ते मी लगेच कळवीन.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार.

तुमची,
धाकटी